जयवंतीचा दोर

सर्व संबंधितांना, आणि त्यातही लालबागच्या चाळीतून तिसऱ्या मजल्यावरून थेट वर गेलेल्या श्री. दिनू यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की जयवंती काल सकाळी आपल्याला सोडून गेली. सर्वांनी आहे त्या जागी उभं राहून शांतता पाळावी. डोक्यावर टोपी असल्यास काढावी. नसल्यास शेजाऱ्याकडून मागून आणावी, घालावी आणि मग काढावी.

झालं? बस आता. होडी म्हणतोय मी, दिन्या. तुझी शिडाची होडी. गिरगावचा तो दातांचा डॉक्टर, केदार, काल घेऊन गेला आणि दुपारी त्याचा फोन आला, "काका, पोचलो. होडी सुखरूप, मीपण." होडीला तुझ्या आईचंच नाव द्यायची हौस तुझी, म्हणून आता मला अशी भयंकर वाक्यं लिहावी लागतात. आयेचं काय झालं ते पुढे सांगतो. दम धर जरा. तुला आता कुठे जायची घाई आहे?

नाव बदललंस तो रविवार आठवतो? कुलाब्याच्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून तू ती होडी घेतली होतीस आणि तिच्यावर कुठल्यातरी विलायती फुलाचं नाव होतं. ते तू खरवडून काढलंस आणि निळ्या रंगाने स्वतःच्या हाताने 'जयवंती' लिहायला घेतलंस. सुरुवातीचा 'ज' एवढा प्रचंड काढलास की शेवटच्या 'ती'ला जागाच उरली नाही. ती बिचारी कोपऱ्यात वाकून बसली. आयेला आपण टॅक्सीने वरळीच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो, तिने नारळ फोडला, डोळे बारीक करून नाव वाचलं आणि विचारलं, "माझा कंबरडा मोडला ता ह्येका कसा कळला?"

त्या होडीत माझं काम काय होतं? वजन. चाळीत सगळ्यांना वाटायचं, मी तुझा जोडीदार खलाशी. खरं तर वारा उजवीकडून आला की तू ओरडायचास, "बाबल्या, उजवीकडे!" आणि मी माझं सगळं वैभव घेऊन उजवीकडे सरकायचो. डावीकडून आला की डावीकडे. इतकी वर्षं तुझ्याबरोबर समुद्रात गेलो आणि मला एक गाठ बांधता येत नाही. पण माझ्यासारखा उपयोगी माणूस तुला मिळाला नसता, हे तूच एकदा म्हणाला होतास. हाजीअलीच्या पुढे वारा पडला होता, शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं आणि आपण दोघं काहीही न करता बसलो होतो. समोर सगळी मुंबई उभी होती, आवाज मात्र तिचा एकही येत नव्हता. तेव्हा तू म्हणालास, "तू आहेस म्हणून बरं." मी म्हटलं, "वजन म्हणून?" तू उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर मी तेव्हा मागून घ्यायला हवं होतं.

असो. विक्रीकडे येतो.

होडी विकायचं ठरवलंस तेव्हा मला कारण सांगितलंस, गुडघा. मी विचारलंसुद्धा की शीड ओढायला गुडघा कुठे लागतो? तू म्हणालास, "तुला काय माहीत? तू बसलेला असतोस." विषय संपला. मग केदार आला, त्याने होडीभोवती तीन वेळा फेरी मारली, लाकडावर टकटक करून बघितलं, जणू दाढ किडलीय का बघतोय, आणि सौदा ठरला. ताबा मे महिन्यात, पावसाच्या आधी.

आयेला सांगायला तू मला मुद्दाम बरोबर घेतलंस. ती मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होती. तू दारातूनच म्हणालास, "आये, मी होडी विकतंय."

तिने मान वर केली नाही. "विक. पण दोर देव नको."

"खंयचो दोर?"

"नांगराचो. म्हस विकली तर दावा कोण देता? गिऱ्हाईक आपला दावा घेवन येता. आपला आपल्या खुट्याक ऱ्हवता."

म्हशीला बांधायचं दावं ऐकून तू हसलास. "आये, होडी म्हणजे म्हस नाय."

"म्हशीक माझा नाव नाय दिलंस. होडयेक दिलंस." आणि मग बोंबलाचं डोकं कचकन उडवून ती म्हणाली, "नाव माझा, तर दोर पण माझो. तो गेलो की मी गेलंय समज."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, इतकं ते झकास म्हटलं तिने. पण तिने हात धुतले, पदराला पुसले आणि गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांचा मालवणात एक मचवा होता. त्याला तिच्या मोठ्या बहिणीचं नाव होतं. वडिलांनी तो घाईघाईत विकला, नांगर-दोरासकट. पुढच्या दसऱ्याला ती बहीण नव्हती.

"कशाने गेली?" तू विचारलंस.

"तापान."

"मग ताप होता ना, आये!"

"ताप काय आपणहून येता?" एवढंच म्हणाली आणि बोंबलांकडे वळली. बाहेर भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि मला अंगात कपडे कमी घातल्यासारखं गार वाटलं.

नाक्यावर चहा पिताना आपलं त्यावरून जे वाजलं, ते अजून संपलेलं नाही. तू म्हणालास, योगायोग. मी म्हटलं, मग होडीत मी शीळ घातली की वादळ येईल म्हणून तू माझ्या मांडीवर फटका का मारतोस? तू म्हणालास, ती शिस्त. मी म्हटलं, बरं, योगायोग तर योगायोग, दे मग दोर. आणि तू बशीतला चहा फुंकत बसलास. मग म्हणालास, "समज, मी दोर दिला आणि ती महिन्याभरात गेली. वय झालंय, जाऊ शकते. मग मी आयुष्यभर काय करू, सांग."

आयुष्यभर म्हणालास. मला तेव्हा त्या शब्दात काही खटकलं नाही.

केदारला तू फोन करून सांगितलंस की नांगर मिळेल, दोर आपला आण. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम. ही नवी पिढी फार समजूतदार आहे, कारण ती कशालाच का म्हणून विचारत नाही.

आणि इकडे चाळीत पहारा सुरू झाला. दोर घरी यायचा होता, पण अजून आला नव्हता, सौदा मात्र झाला होता, आणि आयेने आवराआवर काढली. पाटा-वरवंटा समोरच्या सुमनला दिला. सून म्हणून मनीषावहिनींना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, नारळी काठाचं एक लुगडं वेगळं काढून दाखवलं आणि म्हणाली, "ह्या माका तेव्हा नेसव." कैरीचं लोणचं घातलं आणि बरणीचं तोंड बांधताना सांगितलं, "पावसात उघड. मिठाचा तुम्हीच काय ता बघा." वहिनी दुपारी ती झोपली की नाकासमोर बोट धरून श्वास बघायच्या. सुमन येता-जाता डोकावायची. मी रोज संध्याकाळी काहीतरी फाजील बोलायला जायचो, ती शिव्या देते का बघायला. शिवी आली की जीव भांड्यात. अख्ख्या मजल्याने डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, दिन्या, आणि चुकीच्या माणसावर दिला.

तो दिवस मला गॅलरीतून दिसला. आये स्टुलावर बसली होती, मी कठड्याला टेकलो होतो. तू खाली टॅक्सीतून उतरलास आणि तो दोर खांद्यावर घेतलास. काथ्याचा, मनगटाएवढा जाड, आणि ओला. नायलॉनचा घे म्हणून मी किती वर्षं सांगत होतो. पण तुझ्या आजोबांचा काथ्याचा होता, मग तुझाही काथ्याचाच. मी वरून ओरडलो, "वीतभर कापून आणायचास ना रे! सगळा कशाला?" तू मान वर केलीस. वेटोळ्यातून फक्त तुझं तोंड दिसत होतं. म्हणालास, "वीतभर दोर ठेवला तर वीतभर आये राहील!" सगळी गॅलरी हसली. आयेही हसली. तुझं शेवटचं भाषण हाऊसफुल्ल झालं, हे तुला कळायला हवं म्हणून सांगतो.

मी खाली यायला निघालो तर तू दरडावलंस, "तिथेच थांब, जिन्यात दोघं मावणार नाहीत. तू तर नाहीच." पहिल्या मजल्यावर थांबलास. दुसऱ्यावर जास्त थांबलास. वर आलास तेव्हा शर्ट छातीला चिकटला होता आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. तू दोर आयेच्या खाटेखाली ढकललास, "घे तुझा दावा," म्हणालास, खुर्चीत बसलास आणि पाणी मागितलंस. वहिनींनी पाणी आणलं.

ते पाणी कोणी प्यायलं नाही.

संध्याकाळी वहिनींनी मला सांगितलं. डॉक्टरांनी केव्हाच बजावलं होतं, समुद्र बंद, वजन उचलणं बंद, हृदय दमलंय. म्हणून होडी विकत होतास. गुडघा! मेल्या, माझ्याशी गुडघा? तुझ्या अंत्ययात्रेत मी रडत होतो असं लोकांना वाटलं. मी तुझ्याशी भांडत होतो. मला हृदय सांगितलं असतंस तर मी तो दोर माझ्या खांद्यावर घेतला असता आणि तीन मजले गात चढलो असतो. पण मग मी तुला होडीत एक शब्द बोलू दिला नसता, वारा सोडून बाकी सगळं मीच ओढलं असतं, आणि तुला तेच नको होतं. कळतं मला. कळलं म्हणून राग जात नाही.

आता पुढचं ऐक. दोर वाळेना.

मे महिना, पंखा दिवसभर चालू, आणि खाटेखालचं ते वेटोळं ओलं ते ओलंच. खोलीला समुद्राचा वास. सकाळी केर काढताना वहिनींना लाद्यांवर पाण्याचा ओघळ दिसायचा, खाटेपासून उंबऱ्याकडे गेलेला. मिठाने हवेतली ओल धरलीय, एवढं मलाही कळतं. तरी त्या ओघळावर पाय द्यायला कोणी तयार नव्हतं. खालचे नाना एकदा वर आले, दुखवट्याच्या घरात शोभेल अशा आवाजात म्हणाले, "माफ करा, पण आमच्याकडे छतातून खारट पाणी गळतंय."

मी विचारलं, "नाना, खारट आहे हे कसं कळलं?"

नाना तसेच वळून खाली गेले. तेवढ्यापुरतं मी दारामागे जाऊन हसून घेतलं. तू असतास तर तू नानांना लिंबू नेऊन दिलं असतंस.

आये हसली नाही. ती खाटेवर बसायची आणि पाय खाली सोडायची नाही, दोराला लागतील म्हणून. रडलीही नाही ती, दिनू. ती फक्त हिशेब लावत होती. एकदा मी शेजारी बसलो असताना, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "तेणा दोर नाय उचललो, बाबल्या. माझा मराण होता ता उचलल्यान."

मी, ज्याच्याकडून गणपतीच्या मांडवात माइक काढून घ्यावा लागतो, तो मी खाटेच्या पायाकडे बघत बसलो.

तेराव्यानंतर तिने मला हाक मारली. "त्या दातवाल्याक बोलव. होडी नेव दी." आणि थोडं थांबून, "दोर पण दी."

मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. तिने पुन्हा सांगितलं. "दोर पण. कायएक ठेवचा नाय."

तिला काय हवं होतं ते तुला कळतंय ना? मला कळलं. वहिनींनाही कळलं. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. माझा यावर काडीइतका विश्वास नाही."

"माझाही नाही," मी म्हटलं.

"पण दोर देऊ नका."

"नाही देत."

होडी न विकणं हाही मार्ग होता. पण दुसऱ्याच दिवशी आयेने जेवणाचं ताट परत सरकवलं आणि केदारला फोन लावला का, एवढंच विचारलं. तिसऱ्या दिवशीही तेच. दोर दिला तर ती जाणार असं तिला वाटत होतं, आणि नाही दिला तर आमच्या डोळ्यांसमोर जायच्या तयारीला लागली होती. दुसराच एखादा दोर गोणीत भरून द्यावा असंही माझ्या मनात आलं. पण ती मालवणच्या नाखव्याची मुलगी. गोणीजवळून गेली असती तरी ओळखलं असतं, आणि मग माझं काय झालं असतं ते तुझ्या शेजारी येऊनच सांगावं लागलं असतं.

शेवटी मी फोन लावला.

काल सकाळी तिने ते नारळी काठाचं लुगडं नेसलं. वहिनींनी ते बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी दोर गोणीत भरून तीन मजले खाली नेला. प्रत्येक मजल्यावर थांबलो, दिन्या, दमलो म्हणून नाही. टॅक्सीवाल्याने डिकीत ठेवताना विचारलं, "काका, इसमें क्या है, इतना पानी टपक रहा है?" आये मागच्या सीटवरून म्हणाली, "माझा सामान." त्याला कळलं नाही ते बरं.

वरळीला भरती होती. केदार नवंकोरं केशरी लाइफ जॅकेट घालून उभा होता, इतकं नवं की किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. त्याने आपला पांढरा नायलॉनचा दोर नांगराला बांधलेलाही होता. आयेने गोणीकडे बोट केलं. तो म्हणाला, "आजी, दिनूकाका म्हणाले होते की दोर तुमच्याकडे राहणार."

"काका नाय आता," आये म्हणाली. "घे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे. वहिनींनी दुसरीकडे बघितलं. गोणी होडीत गेली. आयेने होडीच्या नावावरून हात फिरवला, त्या वाकलेल्या 'ती'पर्यंत, आणि मागे सरकली. किनाऱ्यावरच्या एका दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. आपली पाळी यायची वाट बघत माणसं दवाखान्यात बसतात, तशी.

मी तिच्या मागे उभा होतो आणि तुझ्याशी बोलत होतो. दोर घरात होता तोवर ती जगली, म्हणजे आयेचं खरं. पण दोर घरात आला आणि तू गेलास, म्हणजे तुझं खरं, की होडी म्हणजे म्हैस नव्हे. आपल्या भांडणात तू हरलास की जिंकलास, हे मला त्या क्षणीही ठरवता येत नव्हतं. आणि आता ते ठरवणारी ती बाई माझ्यासमोर डोळे मिटून बसली होती. तिचा श्वास पदराखाली दिसतोय का ते मी बघत होतो. मला दिसत नव्हता. वहिनी तोंडावर रुमाल धरून उभ्या होत्या. मी तुला म्हटलं, दिन्या, काहीतरी कर रे. इतकी वर्षं मी तुझ्या सांगण्यावरून इकडून तिकडे सरकलो, आज तू एकदा सरक.

केदारने शीड चढवलं. पहिले वीसेक हात बरं चाललं. मग पश्चिमेकडून एक झोत आला, पोराने सुकाणू भलतीकडे वळवलं आणि जयवंती आडवी झाली. अशी आडवी की शिडाचं टोक पाण्याला लागलं आणि काठावरून पाणी आत धडकलं. डॉक्टर गुडघ्यांवर पडला. होडीत वजन नव्हतं ना. वहिनी किंचाळल्या. मी, ज्याला एक गाठ येत नाही, तो मी चपलांसकट पाण्यात धावलो.

होडी सावरली हे तुला आधीच सांगितलंय, त्यामुळे त्याची काळजी नको. मला मागून काय ऐकू आलं ते सांगायचंय. मी वळून बघितलं तर तुझी आई दगडावर उभी होती. पदर खांद्यावर, कासोटा सुटायच्या बेतात, दोन्ही हात वर, आणि सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती त्या डॉक्टरवर ओरडत होती,

"अरे मेल्या, सरळ धर! माका बुडवतलंस!"